तार टेकवावी कुठे

ब्रिटनमधल्या घरात सिंकखालचं कपाट उघडावं. पंधरा आणि बावीस मिलिमीटरचे तांब्याचे पाइप दिसतात, आणि त्यांच्या सांध्यांवरून कारागिराचा हात ओळखता येतो.

पुश-फिटमध्ये हात दिसतच नाही. पाइप आत ढकलला की पोलादी दाते त्याला धरतात, रबरी रिंग पाणी अडवते. काम चोख, पण बघण्यासारखं काही नाही. कॉम्प्रेशनचा सांधा बरा. एका पान्यानं फिटिंग धरायचं, दुसऱ्यानं नट आवळायचा. आतलं पितळी कडं पाइपवर चेपून बसतं. (तिथले प्लंबर त्याला ऑलिव्ह म्हणतात.) अंगात जोर आहे म्हणून आवळत राहिलं तर पाइपच चेपतो.

मला ओढ आहे ती डाखाच्या सांध्याची. पाइपचं टोक लखलखेपर्यंत घासायचं, फ्लक्स लावायचा, फिटिंगमध्ये सरकवायचं. दोघांत फट उरते जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाची. ज्योत धरायची फिटिंगवर. नवखा ती डाखाच्या तारेवर धरतो, आणि वितळलेला थेंब बाहेरच लोंबत राहतो. तांबं नेमकं तापलं असेल तर तार नुसती टेकवावी: तिचं पाणी होतं आणि फट ते ओढून घेते, उभ्या सांध्यात खालून वरसुद्धा! केशाकर्षण पुस्तकात वाचलेलं असतं. इथे ते डोळ्यांदेखत घडतं. कडेनं अखंड चंदेरी रेघ फिरली की थांबायचं. त्यापुढचा डाख म्हणजे निव्वळ ओघळ.

आपल्या कल्हईवाल्याचं शास्त्र हेच. नवसागरानं तांबं स्वच्छ करायचं, त्यावर कथील फिरवायचं. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी शिसं असलेल्या डाखावर अमेरिकेत १९८६ साली बंदी आली. आताचा डाख जवळजवळ कथीलच असतो. शिशाचा १८३ अंशांना वितळू लागे, याला २२७च्या आसपास लागतात. म्हणून पाइपात चमचाभर पाणी राहिलं तरी घात होतो, ते उकळत राहतं आणि तांबं तापू देत नाही. जुने प्लंबर अशा वेळी आत पांढऱ्या पावाचा गोळा कोंबतात; पाणी तो शोषतो आणि नंतर विरघळून नळावाटे निघून जातो.

पाइप जमिनीच्या फळ्यांखालून जातात, तिथल्या लाकडी तुळयांच्या खोबणीत मात्र ज्योत नेण्याची हौस नको. तिथे कॉम्प्रेशनच घालावा, आणि वरची फळी खिळ्यांनी न ठोकता स्क्रूनं बसवावी; नट कधीतरी पुन्हा आवळावा लागतो.