‘नियंत्रित वापर’ नेमका कोणाच्या नियंत्रणात?

‘अॅस्बेस्टॉसचा नियंत्रित वापर सुरक्षित आहे’ हे विधान आपल्याकडे वर्षानुवर्षे केले जाते. पत्र्यात तंतू जेमतेम दहावा हिस्सा असतात, ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि आपण वापरतो तो पांढरा अॅस्बेस्टॉस (क्रायसोटाइल) निळ्याइतका घातक नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. पहिले दोन मुद्दे धड पत्र्यापुरते ठीक. तिसरा अपुरा आहे. पांढऱ्यासह सर्वच प्रकारांमुळे माणसाला कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे.

शिवाय पत्रा कायम धड राहत नाही. बसवताना त्याला भोके पाडतात, करवतीने कापतात. वादळात तो फुटतो. पावसाने वरचे सिमेंट झिजते. आणि हे तंतू नुसते आडवे तुटत नाहीत, उभे चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होतात. डोळ्यांना न दिसणारा असा तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊन बसतो. त्यातून होणारा कर्करोग दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे जातात. तेव्हा ‘आमच्याकडे कोणाला काही झाले नाही’ हा पुरावा कसा मानायचा?

सर्वोच्च न्यायालयाला हा विलंब ठाऊक होता. १९९५च्या निकालात त्याने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपायला सांगितल्या. निकाल महत्त्वाचाच. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर पत्रा कापणारा सुतार कोणाच्या हजेरीपटावर असतो? त्याची नोंद कोण जपणार? आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. सरकारने १९८६मध्ये खाणींचे नवे पट्टे देणे थांबवले, आयात मात्र चालू राहिली. युरोपीय संघाने २००५पासून नवा वापरच बंद केला.

आपल्याकडे तर याला सर्रास ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. (नावातूनच अॅस्बेस्टॉस गळाला, मग जपून वापरणार कोण?)

शाळेवर असे छप्पर असेल, तर घाबरून ते स्वतः उतरवू नये. धूळ तेव्हाच जास्त उडते. धड पत्र्याला खिळे ठोकू नयेत. फुटके तुकडे श्रमदानाच्या तासाला मुलांना उचलायला लावू नयेत, आणि खाली पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नये.