जंगलची सुरी, घरचं मत

सुरीवर लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या महिला मंडळातल्या एकीनं विचारलंच, "जैन बाईनं सुरीचं कौतुक करायचं होय?" कौतुक वेगळं आणि परीक्षण वेगळं. पुस्तकाचं, नाटकाचं बरंवाईट आपण सांगतो, तसं वस्तूचंही सांगता येतं. आणि ज्या वस्तूला धार आहे तिचं तर सांगायलाच हवं. वाईट पुस्तक मिटून ठेवता येतं, सुरीतला दोष मात्र थेट हाताला लागतो.

ही सुरी माझ्या भाच्यानं एका कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतली. भाचा शेती सांभाळतो आणि सवड मिळाली की आंबोली-चोर्ल्याच्या बाजूला भटकायला जातो. सुरी हातात देताना कारागीर म्हणाला होता, सहा महिने वापरा आणि काय वाटलं ते मोकळेपणानं कळवा. भाच्यानं ती मळ्यात वापरली, मुक्कामाला नेली आणि मग माझ्यापुढे ठेवली, "आत्या, आता तू सांग." चिरण्याचं काम घरात सगळ्यांत जास्त कोण करतं, हे त्याला ठाऊक आहे.

आधी गुण सांगते. पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेलं आहे. आपल्याकडचे लोहार कोयतेही याच पाट्याचे करतात. या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो. तापवून नीट पाणी दिलं आणि पुन्हा मंद आचेवर शेकलं, तर ते धारही धरतं आणि काचेसारखं तडकतही नाही. या कारागिराचं पाणी उत्तम जमलंय. बांधावरचा वाळका बांबू तोडूनही धारेचा ना कण उडाला, ना ती वळली. पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग आहे, पितळी खिळे घट्ट आहेत, कुठे फट नाही. हातात घेताच कळतं, की माणसाला आपलं काम येतं.

मग अडतं कुठे? पहिलं अडतं जाडीत. पाठ तब्बल ६ मिलिमीटर. आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीची पाठ फार तर दोन मिलिमीटरच्या आसपास असते. ब्रिटनमधले रानवाटांचे शिक्षक रे मिअर्स यांच्यासाठी अ‍ॅलन वूड यांनी जी सुरी घडवली आणि जिच्या नकला जगभर झाल्या, तीही ४ मिलिमीटरचीच. जाड पातं पाचरीचं काम करतं. लाकूड फोडायला पाचर ठीक, पण दुधी तिच्याखाली चिरला जात नाही, तडकतो. लाल भोपळ्याची फोड करायला गेले तर सुरी अर्ध्यावर अडकली आणि सगळा जोर मनगटावर आला. जोर लावावा लागला की सुरी घसरते, आणि घसरली की बोट जातं. बोथट विळीनं हात कापलेल्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

ही तक्रार काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचा एक गृहस्थ होऊन गेला, धंद्यानं चांभार, अंगानं किरकोळ, 'नेसमक' या टोपणनावानं लिहायचा. पाच किलोही न भरणारी होडी घेऊन तो अ‍ॅडिरॉन्डॅकच्या तळ्यांतून एकटा हिंडला. १८८४ साली आलेल्या 'वुडक्राफ्ट' या त्याच्या पुस्तकात त्यानं बाजारातल्या शिकारी सुऱ्यांची अशीच हजेरी घेतली आहे. त्या जाड, बेढब, दिसायला खुनशी आणि कामाला कुचकामी, असा त्याचा एकंदर निवाडा. त्याची स्वतःची सुरी पातळ पात्याची, आणि लाकूडतोडीला सोबत एक लहानशी कुऱ्हाड. हा माणूस शिकार करायचा, त्याचा-माझा आचार जुळण्यासारखा नाही. पण दिसणं आणि उपयोग यांतला फरक त्यानं बरोबर ओळखला होता.

दुसरा दोष पाठीवर आहे. टोकाजवळ पाठीला एक आकडा काढलाय, त्याला आतून वेगळी धार. भाच्याला वाटलं, दोरी कापायला असेल. तो मूळचा मारलेल्या जनावराचं पोट आतडी न फाटता उघडण्यासाठी आहे. आपल्या देशात वन्यजीव कायदा १९७२ साली आला आणि पुढे शिकार बंद झाली. म्हणजे आंबोलीला चहा करून प्यायला जाणाऱ्या माणसाच्या सुरीवर हा आकडा कशासाठी? धर्म क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेब जुळत नाही. पाठीवर अंगठा ठेवून टोकाकडून बारीक काम करावं, तर आकडा अंगठ्याला लागतो. पाठीवर लाकडानं ठोकून काटकी फोडावी, तर ठोकायची जागाच आकड्यानं खाल्लेली. झुडपातून सुरी मागे ओढली की वेल त्यात अडकते. ज्या एका कामासाठी तो आहे ते आपण करायचं नाही, आणि उरलेल्या सगळ्या कामांत तो आडवा येतो. कारागीर म्हणतो, परदेशी सुऱ्यांचे फोटो बघून गिऱ्हाईकच मागतं. मागत असेल, पण घडवणाऱ्यानं एकदा तरी "कशासाठी?" असं विचारायला हवं.

तिसरी गोष्ट मुठीची. तिला बोटांच्या खोबणी आहेत, भाच्याच्या पंजाचं माप घेऊन केलेल्या. माझ्या हाताला त्या उलट्याच येतात, दोन बोटांच्या मधे उंचवटा टोचतो. शेतावर कामाला येणाऱ्या बाईनंही सुरी एकदा धरली आणि खाली ठेवून आपला विळा उचलला. मापाची वस्तू म्हणजे एकाच माणसाची वस्तू, हे दागिन्याला शोभतं. शेतातलं हत्यार दहा हातांतून फिरतं, त्यांतले निम्मेअधिक हात बायकांचे. शिवाय एकाच जागी धरायला लावणारी मूठ हात बदलून धरू देत नाही, आणि तासभर काम केलं की तळवा सोलतो. फिनलंडची पारंपरिक सुरी, पुक्को, हिची मूठ साधी लांबट गोल असते, आणि ती सुरी पिढ्यान्‌पिढ्या रानात वापरली गेली. आपल्या कोयत्याची बाभळीची मूठही तशीच.

मुठीवर हाडाच्या पट्ट्या आहेत आणि म्यान चामड्याचं. आमच्या घरात या दोन्ही गोष्टींवर काय बोलणं झालं असेल, ते तुम्ही ओळखालच. कारागिराला मात्र मी धर्माचं कारण कळवलं नाही, पावसाचं कळवलं. कार्बनचं पोलाद आणि ओलं चामडं यांची संगत वाईट. चामडं पाणी धरून ठेवतं आणि आत पातं गंजतं. आंबोलीच्या जुलैमध्ये तर दुसऱ्या दिवशीच तांबूस डाग दिसले. पुक्कोच्या जुन्या म्यानात चामड्याच्या आत लाकडी अस्तर असतं, म्हणजे त्या लोकांनाही ही अडचण ठाऊक होती. मग सागाच्या दोन पातळ पट्ट्या आणि वरून जाड कॅनव्हास का नको? त्याहून सोपं आपल्या कोकणात आहेच. गडी कमरेला मागे आकडी बांधतो आणि कोयता तिच्यात उघडाच अडकवतो. वारा लागतो, पाणी निथळतं.

आता मंडळातल्या त्या प्रश्नाकडे येते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यांतला एक हिंसादान. हत्यारं दुसऱ्याच्या हाती देणं ते हेच. पण त्या यादीत परशू आणि तलवारीबरोबर कुदळ आहे आणि अग्नीही आहे. आपल्या भागातले निम्मे जैन शेतकरी, कुदळीवाचून त्यांचं चालायचं कसं? चूल तर प्रत्येकीच्या घरी. व्रताच्या नावातला 'अनर्थ' शब्द म्हणूनच महत्त्वाचा, म्हणजे प्रयोजनावाचून. याच व्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्रात 'असमीक्ष्याधिकरण' येतं. पूज्यपादांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की प्रयोजन न तपासता गरजेपेक्षा अधिक करणं.

हे वाचलं तेव्हा मला सुरीच्या परीक्षणाला दुसरी कसोटी शोधावी लागली नाही. ६ मिलिमीटरची पाठ हे अधिक. आकडा हे अधिक. हाडाच्या पट्ट्या, तेही अधिक. पोलादाला दिलेलं पाणी, सलग पातं, घट्ट खिळे मात्र कामापुरते आणि कामाचे. आपला कायदाही काहीसा याच वाटेनं जातो. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत मोडते, पण घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली त्यातून वगळली आहे. ती कशासाठी घडवली, हे तिथेही पाहतात.

आणि हिंसेच्या मुळाशी आपल्याकडे प्रमाद सांगितलाय, बेसावधपणा. बोथट, जड, हातात न बसणारी सुरी माणसाला बेसावध करते. पातळ, धारदार, साध्या मुठीची सुरी कमी जोरात काम उरकते आणि नजर कामावर ठेवू देते. चांगली घडण हा सावधपणाच आहे, असं मला वाटतं. त्याचं कौतुक करायला जैन बाईला काही अडचण नसावी.

भाच्याच्या हातून कारागिराला लिहून पाठवलं ते असं: पाठ साडेतीन मिलिमीटरवर आणा. आकडा काढा. खोबणी काढून मूठ बाभळीची किंवा शिसवीची, लांबट गोल ठेवा. म्यान कॅनव्हासचं, आत लाकूड. पोलादाला आणि पाण्याला हात लावू नका. बाई, तुमच्याकडेही मुलं-पुतणे अशा सुऱ्या मागवत असतील. रागावण्याआधी त्यांच्याकडून सुरी मागून घ्या, तिनं एक दुधी चिरून पाहा, आणि तिच्यावर जे जे दिसेल ते कशासाठी आहे ते विचारा. उत्तर नसेल तिथे बोट ठेवा.