शिस्तनियमांची भाषा आणि पक्षकार

वकिलांच्या शिस्तीचे नियम बदलतात. त्यांची भाषा कोणास उद्देशून असते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ ‘व्यावसायिक अथवा अन्य गैरवर्तन’ शिक्षेस पात्र ठरविते. त्याची व्याख्या मात्र करीत नाही. अर्थनिश्चिती वाचणाऱ्यावरच राहते. मुंबईच्या फौजदारी न्यायालयापाशी पक्षकारांना गाठून कामे मिळविल्याच्या दाभोळकर प्रकरणात शिस्त समितीने नियम ३६ च्या एका वाक्यात तीन अटी वाचल्या व वकिलांना दोषमुक्त केले. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ अमान्य केला. २००८ च्या दुरुस्तीने त्याच नियमात संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता इत्यादी मोजकी माहिती देण्याची मुभा दिली. वकिलाने काय सांगावे हे ठरले. पक्षकारास ते कसे कळावे, हे राहिले. अहेरीकडील माडिया बोलणारा पक्षकार घ्यावा. वकिलाविरुद्धची तक्रार राज्य वकील परिषदेकडे करावयाची असते. ज्यास ‘गैरवर्तन’ हा शब्दच परका, तो तक्रार कशाची करणार? म्हणून पुढील दुरुस्तीत गैरवर्तनाच्या व्याख्येबरोबरच पक्षकाराच्या बोलीतील तिच्या अनुवादाचीही तरतूद व्हावी, असे आम्हांस वाटते.