जांभा, पाषाण आणि चांदी

कोणतीही वास्तू पाहताना कार्ल्याच्या चैत्यगृहाचे माप लावायचे, ही आम्हां मावळकरांची खोड. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चला हे माप लावण्यात मौज आहे. १५९४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १६०५ साली ते पूजेला खुले झाले. युरोपातील प्रबोधनकाळाची वास्तुकला आपल्या इतक्या जवळ दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळते.

दर्शनी भिंतीत तीन दरवाजे, त्यांवर तीन खिडक्या, त्यांवर तीन वाटोळी गवाक्षे. हे प्रमाणबद्ध गणित थेट इटलीचे. पण भिंत तांबड्या जांभ्याची आणि तिच्यावरील काळा पाषाण वसईहून आणलेला. म्हणजे कार्ले ज्या जातीच्या खडकात कोरले, त्याच जातीचा!

आत मात्र कार्ले सरस ठरते, असे माझे मत. तेथे खांबांच्या दोन रांगा आपल्याला हळूहळू स्तूपाकडे नेतात आणि कमानदार गवाक्षातून आलेला उजेड बाकीचे काम करतो. येथे मध्ये खांबच नाहीत. दारातून पाऊल टाकताच सोन्याने मढवलेली वेदी एकदम अंगावर येते. वैभव दिसते, पण वाट पाहण्यातला आनंद हरवतो.

खरी भेट घडते ती संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीपाशी. चांदीची पेटी १६३७ च्या सुमारास गोव्याच्या कारागिरांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडवला. तिसऱ्या कोसिमो मेदिचीची ही भेट १६९८ साली येथे उभी राहिली. दोष एवढाच, की चौथरा फार उंच. आपल्या सोनारांची बारीक कलाकुसर डोळ्यांच्या टप्प्यात येतच नाही. परदेशी संगमरवर जवळून पाहावा आणि घरची चांदी मात्र मान वर करून!

या भूमीवर देवळे पाडली गेली; १५६० साली आलेले इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे गेले. सौंदर्यापुढे हे विसरावे असे मी म्हणणार नाही. पण त्या रागापायी आपल्याच कारागिरांकडे पाठ फिरवणे, हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणून काही ते लेणे आपल्याला परके झाले नाही. गोव्याला जाल तेव्हा त्या चांदीकडे घटकाभर मान वर करून जरूर पाहा.