अख्खी डिस्क ओढायची कशाला?

व्हीएमची असो वा कंटेनरची, इमेज नेटवर्कवरून येईपर्यंत तुमचा चहा पिऊन होतो ना? ‘स्लॅकर’ हा २०१६चा शोधनिबंध नेमका त्यावरच आहे. ५७ कंटेनर-इमेज तपासल्यावर दिसलं की सुरू होण्यातला ७६ टक्के वेळ डेटा ओढण्यात जातो. त्यातला वाचला जातो जेमतेम ६.४ टक्के. म्हणून स्लॅकर प्रत्येक कंटेनरची डिस्क एनएफएस सर्व्हरवर फाइल म्हणून ठेवतो आणि लागेल तेवढंच आणतो.

कल्पना झकास! पण किंमत बघा: पूर्ण प्रत जवळ असेल तर सर्व्हर बंद पडला तरी काम चालतं. इथे तो अडला की सगळेच अडले. तुमचा प्रयोग तीन दिवस चालणार असेल, तर सुरुवातीची मिनिटं वाचवू नका; प्रत उतरवूनच घ्या.