'ऐरणीच्या देवा'तला ठोका

माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात असा: मराठी चित्रपटगीतांत कामाचे आवाज कसे येतात? जातं, मोट, हातोडा, असं सगळं. एका गाण्यावर समजावून सांगायचं तर 'ऐरणीच्या देवा' घेऊ.

चित्रपट भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५). शब्द कोल्हापूरच्या जगदीश खेबुडकरांचे, आवाज लताबाईंचा. संगीतकार 'आनंदघन', म्हणजे पुन्हा लताबाईच.

आधी रेकॉर्डिंग. तेव्हा गायिका आणि वादक एकत्रच रेकॉर्ड व्हायचे. प्रत्येक वाद्य वेगळं घेऊन मागाहून जोडायची आजची सोय नव्हती. धातूवरचा ठोका चुकला की सगळ्यांचा टेक पहिल्यापासून. म्हणून इथला ठोका नुसता वातावरणासाठी नाही, तो लय धरतो. वादकांची शिस्त त्यात ऐकू येते.

आता राधानगरीत कोयता पाजवायला लोहाराकडे जा आणि कान द्या. तापलेल्या लोखंडावर घण पडला की आवाज बसका येतो, 'थप्प'. खणखणतं ते मोकळ्या ऐरणीवर. गाण्यात आपल्याला आवडते ती ही खणखण! म्हणजे लोखंड न घडवणारा ठोका. संगीत म्हणून निवड बरोबरच आहे; 'थप्प' वाद्यांत बुडून गेला असता. पण कष्टाचा आवाज तिथंच गळाला.

दुसरा मुद्दा श्वासाचा. घिसाडी कुटुंबांत नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण मारते. त्या वेळी तोंडून निघतो तो हुंकार. लताबाईंचा सूर कुठंच धापत नाही. जात्यावरची ओवी कामाच्या फेऱ्याला बांधलेली असते, तसं हे गाणं नाही. ही कामाच्या शेजारी बसून केलेली प्रार्थना आहे.

वॅग्नरनं 'दास राइनगोल्ड' या ऑपेरात १८ ऐरणी वाजवल्या, त्या गुलामांच्या राबण्याची दहशत दाखवायला. आनंदघन त्याच ठोक्यातून संसार ऐकवतात. मला वाटतं, गाण्याची ताकद इथंच आहे आणि मर्यादाही. चाल इतकी जिव्हाळ्याची, की घण उचलणारे हात आपण विसरतो.

पुढच्या वेळी हेडफोन लावा आणि एकदा आवाज सोडून फक्त ठोक्यामागं जा. पुढच्या लेखात मोटेवरची गाणी.