‘शेरनी’तला हसन नूरानी

अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ (२०२१) आम्ही चंद्रपुरात, घरीच बसून पाहिला. चित्रण मध्य प्रदेशातले. पण २०१८ साली यवतमाळात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीची आठवण येतेच. विजय राज यांनी उभा केलेला प्राध्यापक हसन नूरानी आम्हाला विशेष भावला. तो प्राणिशास्त्र शिकवतो, वाघिणीचा जीव वाचावा म्हणून झटतो. देशप्रेमाचा दाखला त्याला कुणी मागत नाही. हिंदी पडद्यावर मुसलमान इतका साधा क्वचितच दिसतो.

तक्रार एकच. मोहफुले वेचायला गेलेली बाई परतली नाही, तर तिच्या घराचे काय होते? ताडोबापासून गडचिरोलीपर्यंतच्या गावांचा हा प्रश्न. कॅमेरा मात्र त्या उंबरठ्यावर फार थांबत नाही. वाघीण वाचायला हवी होती, हे खरेच. पण नूरानीची थोडी हळहळ त्या घराच्याही वाट्याला यायला हवी होती.